खांद्यावरचा लेप

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट विचारायची राहून गेली. माझा खेळ खांद्यानं संपवला की तुम्ही?

परवा दादा लातूरहून आला होता. सुपारी कातरता कातरता सहज म्हणाला, "सोयऱ्यांची अटच होती ना, पोरीचं खेळणं बंद करा म्हणून. तुझा खांदा दुखावायच्या आधीच सांगितलं होतं त्यांनी अप्पांना." मी चहा ओतत होते, तो बशीत सांडला. आयुष्यभर संसार केला त्या घरात, अट होती हे मला कोणी सांगितलं नाही.

सॉफ्टबॉलमध्ये मी पिचर होते. चेंडू टाकते म्हणून कचेरीत पगार मिळणारी मुलगी आपल्या अख्ख्या गोतावळ्यात एकच. जेमतेम दोन मोसम खेळले. मग नांदेडच्या मैदानावर चेंडू सोडताना खांद्यात कळ आली आणि हात वर जाईना. निरोप मिळताच तुम्ही आलात. नांदेडात एवढे दवाखाने असताना मला एसटीत बसवून हदगावकडच्या हाडवैद्याकडे नेलंत. त्यानं हात झोळीत बांधला, अंड्यात पाला कालवून लेप लावायला सांगितला आणि बजावलं, "म्या सांगेपर्यंत हात हलवायचा न्हाई." त्यानं सांगितलं कधी? साखरपुडा उरकल्यावर. शंका घेणं पाप, असं मिशनच्या शाळेत सिस्टर रोज शिकवायच्या. मी ते पाप तेव्हापासून नेमानं करत आले.

पण त्या लेपाशी येऊन माझा खटला अडतो. आपल्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी अव्वा आम्हा लेकरांना चूळ भरायला लावायची. तुम्ही दुकानातल्या चिंध्यांत गुंडाळून अंडी आणता, परसात उकिडवे बसता. अव्वा सैपाकघराचं दार अडवून उभी.

"माझी एक बी वाटी मिळायची न्हाई."

"माझ्या दाढीची घेतो."

"मग दाढी कशात करणार?"

"ऱ्हाऊ दे की. कोण बघायलंय मला?"

सगळे बघत होते. दाढीचे खुंट वाढवून तुम्ही कापड मोजायचात आणि गिऱ्हाइकानं विचारलं की म्हणायचात, "नवस हाय." म्हणजे सरळ चेहऱ्यानं खोटं बोलणं तुम्हाला जमत होतं. हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं. पोरीचा हात बांधून ठेवायला माणूस इतकं करतो का? करतही असेल. तुम्ही पक्के व्यापारी.

दादा लातूरला परतल्यावर मी चेंडू विकत आणला, गच्चीवर गेले आणि टाकीच्या भिंतीवर टाकला. नेमला तिथे गेला. "बघा," मी मोठ्यानं म्हणाले, "हात शाबूत होता. फसवलंत मला." पुन्हा टाकला आणि कळ आली, नेमकी त्याच जागी. या वयात सगळ्यांचेच खांदे दुखतात, त्यानं काही सिद्ध होत नाही. मी तुम्हाला सोडलेलं नाही.

हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणून एवढं लिहिते. काल भाजीखाली लपवून अंडी आणली. शेजारणीनं पिशवीत डोकावलंच, तेव्हा म्हटलं, केसांना लावायला. लेप कालवला. पण डावा हात उजव्या खांद्याच्या मागं पोचत नाही, अप्पा. तिथं तुम्ही लावायचात. तेवढी जागा कोरडी राहिली.