पटाला एक मूल कमी

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समज. पाठीत उसण भरल्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीतच बसून आहे.) तुझे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. भाऊजींची नवी कवळी अजून डबीतच असते का? त्यांना म्हणावं, कवळी ही चष्म्यासारखीच वस्तू आहे, डबीत ठेवून तिचा कुणालाच उपयोग होत नाही. आणि हे मी मनाचं सांगत नाही, तुझी भावजय चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना हेच सांगत असते. इकडे आम्ही सर्व मजेत. पत्रास कारण असं काही नाही. सहज तुझी आठवण झाली. मागच्या खेपेला अशीच सहज आठवण झाली तेव्हा मी तुझं शिवणयंत्र घेऊन आलो आणि ते अजून आमच्याकडेच आहे, हे मला मान्य आहे. पण या वेळी तसं नाही.

मुंगीला यंदा पहिलीत घालायचंय. (तिचं खरं नाव घरात आता कुणी घेत नाही. जाता-येता काहीतरी उचलून आपल्या कोपऱ्यात नेऊन ठेवते, म्हणून मुंगी. परवा त्या कोपऱ्यात माझं हजेरीचं पेन, हिच्या दुकानातलं एक भिंग आणि शेजाऱ्यांच्या दाराची कडी सापडली. शेजारी कडी शोधतायत हे मला माहीत होतं, पण मी काही बोललो नाही. असो, विषयांतर झालं.) तर मूल सहा वर्षांचं झालं की माणसाला जगात दोनच गोष्टी दिसू लागतात, सरकारी शाळा आणि खासगी शाळा. मी सरकारी शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळतो हे तुला ठाऊकच आहे, कारण मला तिथे चिकटवलंस तूच. तूही तिकडे डेपोजवळच्या सरकारी शाळेत पहिलीलाच शिकवतेस, तेव्हा पट म्हणजे काय हे तुला सांगायला नको. तरी सांगतो. (समोरच्याला ठाऊक असलेली गोष्ट त्याला पुन्हा समजावून सांगण्याची मला सवय आहे, असं हिचं म्हणणं.) वर्गाच्या पटावर ठरलेल्या संख्येइतकी मुलं नसली की वर्ग बंद होतो, मुलं दुसऱ्या शाळेत जातात आणि मास्तर 'अतिरिक्त' ठरतो. अतिरिक्त मास्तरला मग जिथे जागा असेल तिथे पाठवतात, म्हणजे कुठेही. यंदा आमच्या पहिलीच्या पटाला एक मूल कमी पडत होतं. फक्त एक. आणि आमच्या घरात एक मूल होतं.

हा मेळ मी घातला नाही हं, हिने घातला. मी फक्त जेवताना एवढंच म्हणालो की मुंगीला आपल्याच शाळेत घालू, घरापासून जवळ आहे, मीही तिथेच असतो, आणि नाहीतर मी अतिरिक्त होईन. तिने विचारलं, "कुठे?" (घरात तो प्रकार आधीच झालेला आहे असं तिला सुचवायचं होतं. मी दुर्लक्ष केलं.) मग तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, की तुम्ही मुलीच्या शाळेचा विचार करताय की तुमच्या नोकरीचा? ताई, दुकानात ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकामागून एक भिंगं धरते आणि नीट दिसेपर्यंत सोडत नाही, घरीही तिची तीच पद्धत आहे. मी म्हणालो, शाळेचा. तिने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, दोन्हीचा. तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी पाणी प्यायला उठलो. तो प्रश्न मला लागला. कारण खरं उत्तर काय आहे ते माझं मलाच ठाऊक नव्हतं, आणि स्वतःच्या लेकीच्या बाबतीत ते ठाऊक नसणं फार वाईट वाटतं. तिने दुसऱ्या दिवशी खासगी शाळेत नाव नोंदवून भेटीची वेळ घेतली.

मधल्या दिवसांत आमचे मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणतो, त्यांनी मला पट भरायला दारोदार पाठवलं. सुट्टी असल्यामुळे मुंगीही बरोबर असायची, पत्रकांची पिशवी तिच्याकडे. कुठलंही दार वाजवलं तरी मी आमच्या शाळेचे गुण सांगायला सुरुवात करायचो आणि दारातलं माणूस माझ्याकडे न बघता मुंगीकडे बघून विचारायचं, "सर, तुमची कुठे घालताय?" पहिल्या दारी मी म्हणालो, लहान आहे अजून. मुंगी म्हणाली, मी लहान नाही. दुसरीकडे म्हणालो, विचार चालू आहे. पुढे पुढे मी दार उघडायच्या आत मुंगीला जिन्याआड उभं करू लागलो, पण पत्रकं तिच्याकडेच असल्यामुळे आयत्या वेळी तिला बोलवावंच लागायचं. बेकरीवालीने दार उघडून आमच्याकडे पाहिलं आणि मैद्याचे पैसे मागच्याच आठवड्यात चुकते केले असं सांगून पुन्हा लावून घेतलं. एकट्या पंक्चरवाल्याने मात्र आम्हाला टायरवर बसवलं. त्याला जुळे मुलगे. तो सरळ माणूस आहे, सरळ बोलला. "घालतो की सर, दोन्ही घालतो. पण आधी तुमची घाला. तुमची आत गेलेली दिसली की मागोमाग आमची." मी हो म्हणालो. ताई, तू म्हणशील मी खोटं बोललो. पण त्या क्षणी मी मनापासून हो म्हणालो होतो. भेटीची वेळ दुसऱ्या दिवशी होती एवढंच.

आता खासगी शाळेबद्दल. शाळा सुंदर आहे, त्यात काही बोलायला जागा नाही. फाटकावर रखवालदार आपल्या छातीला 'अभ्यागत' असा बिल्ला लावतो. आत गेल्यावर फरशी एवढी चकचकीत की माझ्या चपलेचा तुटका अंगठा मला वरून आणि खालून, दोन्हीकडून दिसला. बसायच्या खोलीत मोठी काचेची टाकी, तीत मासे, आणि पालकांना बसायला पहिलीच्या मुलांच्या मापाच्या खुर्च्या. (हे मुद्दाम करत असावेत. गुडघे हनुवटीला लागलेला माणूस फी ऐकून उठू शकत नाही.) मी बसलो आणि समोर पाहिलं, तर माशांच्या टाकीपलीकडे मोठे सर. मांडीवर नातू, नातवाचा भांग ओल्या केसांचा. माशांमधून त्यांचा चेहरा हिरवट दिसत होता. आम्ही दोघांनी बराच वेळ एकमेकांना ओळखलं नाही. शेवटी ते म्हणाले, "मी जरा तुलनात्मक अभ्यासासाठी आलोय." मी म्हणालो, मीही तुलनात्मकच. एवढ्यात दारातून पंक्चरवाला आला, इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हातांना एकेक जुळा. तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे सर, तुमची इथं?" एवढंच तो म्हणाला, तेसुद्धा हळू आवाजात, लाज त्यालाच वाटत असल्यासारखं. मी मासे मोजू लागलो. ते सारखे फिरतात, त्यामुळे मोजणी जमत नाही.

पुकारा झाला तसे मी, ही आणि मुंगी असे तिघं आत गेलो. मुलाखतीची खोली काचेची होती. काच छतापर्यंत पोचलेली नाही आणि आतलं सगळं बाहेर ऐकू जातं, हे मला नंतर कळलं. प्रिन्सिपॉल बाई फार गोड होत्या. त्यांनी मुंगीला रंग विचारले, फळं विचारली, मुंगीने सांगितलं. मग विचारलं, "बाबा काय करतात?" मी ताठ बसलो. मुंगी म्हणाली, "बाबा लोकांच्या घरी जाऊन मुलं मागतात." बाईंचं पेन थांबलं. त्यांनी जपून विचारलं, "आणि... लोक देतात का?" मुंगी म्हणाली, "नाही देत." ही खिडकीबाहेर बघत होती. (तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. नव्हती.) मग मला सगळा खुलासा करावा लागला, आणि खुलासा संपल्यावर बाईंनी जे कुणीही विचारलं असतं तेच विचारलं, की मग तुमच्या स्वतःच्या शाळेत काय कमी आहे?

मी सांगायला लागलो. छप्पर कोपऱ्यात गळतं. सगळ्या शाळेला नळ एकच. भिंतीवरच्या नकाशात असे काही देश आहेत जे आता नाहीत. खेळायला चेंडू आहे, हवा नाही. मी चांगला रंगात आलो होतो, बाई मान डोलवत होत्या, आणि मध्येच त्या हळहळून म्हणाल्या, "बिचारी मुलं."

ताई, त्या शब्दाने काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी उभा राहिलो. (खुर्चीही बरोबर आली, ती हिने मागून ओढून काढली.) मी म्हणालो, बाई, बिचारी नाहीत. छप्पर गळतं तिथे बादली कुणी ठेवायची याच्या पाळ्या मुलांनी आपल्या आपण लावल्यात. एका नळावर सगळी शाळा पाणी पिते आणि धाकटी आधी पितात. ज्याला वाचता येतं तो ज्याला येत नाही त्याच्या शेजारी जाऊन बसतो, हा नियम मी केलेला नाही, मोठ्या सरांनीही केलेला नाही. त्या नकाशामुळे एका पोराने मला विचारलं की देश जातो तेव्हा त्यातली माणसं कुठे राहतात, आणि मी दोन तास उत्तर देत होतो. आमच्याकडे वर्ष संपताना प्रत्येक मूल पुस्तक हातात धरून वाचतं, अडखळत का होईना, आणि पहिली ओळ पुरी झाली की ते वर माझ्याकडे बघतं, ते बघणं तुमच्या त्या माशांच्या टाकीत... इथे माझा आवाज फाटला. डोळ्यांत पाणी आलं हेही सांगून टाकतो. ही माझ्याकडे बघत होती, अचानक नंबर बदललेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी. बाई म्हणाल्या, आम्ही कळवू.

बाहेर आलो तर पंक्चरवाला जागेवर नव्हता. रखवालदार म्हणाला, दोन्ही पोरांना उचलून निघून गेला. तो इथून थेट आमच्या शाळेत गेला, आणि शिपायाला घरून बोलावून जुळ्यांची नावं पटावर चढवूनच हलला. मोठे सर मात्र तिथेच बसलेले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला, त्यांचेही डोळे ओले होते. म्हणाले, "फार छान बोललात. पुढच्या पत्रकात हेच छापू." मग त्यांच्या नातवाचं नाव पुकारलं तसे ते आत गेले.

तर पट भरला, वर एक मूल जास्तच झालं. मी अतिरिक्त होत नाही. दुसऱ्याच दिवशी खासगी शाळेचा निरोप आला की मुंगीची निवड झाली आहे, मुलगी प्रामाणिक आहे आणि स्पष्ट बोलते. म्हणजे आता तिला तिकडे घातली तरी माझी नोकरी जात नाही, आणि इकडे घातली तर कुणी म्हणू शकत नाही की बापाने पटासाठी घातली. हे मी हिला सांगितलं आणि म्हणालो, आता चौथ्यांदा विचार, आता मला उत्तर ठाऊक आहे, मला ती आपल्या शाळेत हवी आहे. ती म्हणाली, विचार करते. अशी इकडची हालहवाल. काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. विचार करून झाला आहे, हे वर लिहायचं राहिलं. ती म्हणाली, शाळेला माझी हरकत नाही. तुम्ही त्या काचेच्या खोलीत बोललात ते मला पटलं, सगळं पटलं. हरकत मास्तरांना आहे. मी विचारलं, कुठल्या मास्तरांना? ती म्हणाली, पहिलीच्या. तिचं म्हणणं असं, की मी मुंगीला दोनातून एक वजा करायला बसवतो आणि अर्ध्या तासाने मुंगी झोपलेली असते व मी शून्याबद्दल बोलत असतो. पुढे म्हणाली, "पहिलीला तुमच्या ताई असत्या, तर मी डोळे मिटून घातली असती." मुंगीला विचारलं. तिने लगेच आपली पाटी पिशवीत भरली आणि विचारलं, आत्या कधी येणार?

मी रागावलो होतो. पण मग आठवलं की मला स्वतःला वाचायला तूच शिकवलंस, आणि शिकवताना तू मला काहीच समजावून सांगत नव्हतीस, नुसतं बोट ठेवून गप्प बसायचीस. मग राग टिकवायला जमेना.

ता. क. २. तर ताई, आपसी बदलीच्या अर्जाची मुदत या आठवड्यात संपते. तू इकडे ये, मी तिकडे तुझ्या जागी जातो. हा वर्ग वाचवायला मी केवढी वणवण केली ते वर लिहिलंच आहे, आणि तो सोडून जाताना मला फार वाईट वाटणार आहे. पण मुंगी त्याच वर्गात बसेल. तुला रोज येताना मध्ये बस बदलावी लागेल, मात्र दुसऱ्या बसमध्ये बसायला जागा मिळते.

ता. क. ३. पाकीट बंद करण्यापूर्वी पत्र हिने वाचलं. तांबड्या शाईतल्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या तिच्या. त्या तशाच ठेवल्या आहेत. ती म्हणते, बदलीच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो, तिथे वेगळं काही लिहू नका, हे पत्रच जोडा.