डोंगर गेल्यावर उरलेल्या एकतीस डब्यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, जन्मभराचा धंदा गुहेतली माती वाचण्याचा, आज पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवते. सकाळी डॉक्टरीणबाई तपासून गेल्या. त्यांनी आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत उतरले. "पुरे, पुरे," म्हणाल्या, "तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं." तसा दाखला त्यांनी लिहून दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. दडपण आणू शकतील अशी माणसे माझ्याकडे यायची बंद झाली, त्याला बरीच वर्षे झाली.

कलम १. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे काही माझ्या एकुलत्या बहिणीला, धाकटीला, दिले होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते. त्याची प्रत कुणाकडे निघाली तर ती ग्राह्य धरू नये.

कलम २. राहते घर, म्हणजे पुढची खोली, स्वयंपाकघर, मागची खोली आणि मागचे अंगण, हे माझ्या भाचीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला द्यावे. ती शाळेत भूगोल शिकवते. आईने केले त्यात तिचा हात नव्हता. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. या मृत्युपत्राची व्यवस्थाही तिनेच पाहावी. नळाची तोटी डावीकडे फिरवून मग उजवीकडे आवळावी लागते, नाहीतर टपटपत राहते. मागच्या खोलीला कलम ६ पुरे होईपर्यंत हात लावू नये. तिथे ओल येऊ देऊ नये, खिडकी उघडू नये, आणि जागा मोकळी दिसते म्हणून तिथे गाद्या तर अजिबात रचू नयेत.

कलम ३. बँकेत असेल ते, आणि माझी थापी, लाकडी हातोडा, तिन्ही चाळण्या, पहारवाले दादांना द्याव्यात. दादांनी माझ्याबरोबर अकरा हंगाम गुहेत खोदले. त्यांना लिहिता येत नाही, पण मातीचा रंग अर्ध्या छटेने बदलला तरी त्यांचा हात आपोआप थांबायचा. पदवी घेतलेल्या किती जणांचे हात मी ओढून थांबवले आहेत! दादांना थापी देताना एवढेच सांगावे, की बाईंनी ती पुसून ठेवली होती.

सूक्ष्मदर्शक भाचीच्या शाळेला द्यावा. मुलांनी भिंगाला बोटे लावली तर लावू द्यावीत.

कलम ४. आमच्या प्रयोगशाळेच्या माजी संचालकांना मी काहीही देत नाही. हे विसरून राहिलेले नाही, ठरवून लिहिलेले आहे. माझ्या अंत्यविधीला ते आले तर त्यांना खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, भाषण करू देऊ नये.

कलम ५. हे कलम कशाच्याही वाटणीचे नाही. पण पुढचे कलम वाचणाऱ्याला हे कळले पाहिजे, म्हणून सविस्तर लिहिते.

आईवडील वर्षभराच्या अंतराने गेले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि धाकटी बारा. तिची वेणी घालून, डबा भरून मी कामावर जायची. सुट्टीच्या दिवशी तिला घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून प्रयोगशाळेत घेऊन जायची. तिथे उंच स्टुलावर बसून ती भिंगातून बघत राहायची. पंधराव्या वर्षी ती गवताचा परागकण आणि झाडाचा परागकण न चुकता ओळखायची. पुढे ती त्याच विषयात शिकली आणि माझ्याच टेबलाशेजारी कामाला लागली. मला तेव्हा आकाश ठेंगणे झाले होते.

मग गुहा मिळाली. चुनखडीच्या डोंगरात, तोंडाशी वाकून जावे लागेल अशी. आत आम्ही दोन माणसांच्या उंचीइतका खोल, उभा काप घेतला आणि भिंतीसारखा दिसणारा तो काप वरपासून खालपर्यंत वाचला. तळाला काळी, ओलसर माती, गोगलगायींचे शंख, मोठ्या झाडांचे पराग. म्हणजे बाहेर दाट रान होते, पाणी होते. त्यावर चुलींची राख. त्यावर दोन वितींचा पिवळट, पिठासारख्या धुळीचा थर, वाऱ्याने आणलेला. त्यात झाड नाही, कोळसा नाही, माणसाची कसलीही खूण नाही. पाऊस आटला आणि माणसे निघून गेली. आणि त्या धुळीवर पुन्हा राख. कुणीतरी परत आले होते.

ती परत आलेली माणसे कशी राहत, हे धाकटीने शोधले. श्रेय तिचे आहे आणि ते मी इथे लिहून देते. राखेत तिला करवतीसारख्या कडांच्या गवताचे सूक्ष्म अवशेष सापडत होते, सगळे एकाच दिशेने आडवे. खाली राख, वर गवत, पुन्हा राख, पुन्हा गवत. ती भिंगावरून डोके वर न काढता म्हणाली, "ताई, इथं कुणीतरी अंथरूण घातलंय."

"नीट बघ. वाहून आलं असेल."

"वाहून आलेलं असं सरळ बसेल का? जुनं झालं की जाळलंय, आणि राखेवर नवं घातलंय. किडामुंगी लागू नये म्हणून." मग माझ्याकडे बघून हसली. "आपल्यापेक्षा नीटनेटकी होती गं माणसं."

तो माझ्या नोकरीतला सर्वांत चांगला दिवस. दादांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

दोन वर्षांनी डोंगर खाणीसाठी मागितला गेला. थर अखंड असतील तर गुहा राखायची, ढवळलेले असतील तर डोंगर द्यायचा, असा चौकशी समितीचा निवाडा होणार होता. समितीने प्रयोगशाळेचा अहवाल संचालकांकडे मागितला. माझ्याकडे नाही. मी समजले, स्वतःच लिहितील.

सुनावणीला धाकटी आणि मी एकाच रिक्षातून गेलो. शेजारी बसलो. तिने माझ्या पिशवीतल्या डब्यातले खाल्ले. मग अधिकाऱ्यांनी अहवाल वाचायला घेतला: उंदरांच्या बिळांमुळे थर वरखाली झालेले, पराग मिसळलेले, कालक्रम लावणे अशक्य. अंथरुणाचा उल्लेखही नाही. मी तिला हळूच विचारले, "हे काय वाचतायत?"

ती समोर बघत म्हणाली, "ताई, घरी बोलू."

तेवढ्यात अधिकाऱ्यांनी सहीचे नाव वाचले. ते तिचे होते. मी उठून सांगितले की हे खरे नाही. संचालक शांतपणे म्हणाले, "बाईंचा गुहेवर जीव आहे, आपण समजू शकतो." सभागृहात दोघे-तिघे हसले. धाकटी हसली नाही, पण उठलीही नाही.

घरी आम्ही बोललो नाही. तीन महिन्यांनी ती उपसंचालक झाली.

गुहा सोडायला मला चार दिवस दिले होते. दादा आणि मी कापाच्या भिंतीत पत्र्याचे उघड्या तोंडाचे डबे लाकडी हातोड्याने ठोकून बसवले, मागून माती कापून ते जसेच्या तसे काढले आणि गाठोड्यासारखे कापडात बांधले. एकतीस डबे झाले. दादांच्या मेव्हण्याच्या टेम्पोतून ते घरी आणले. दोन उन्हाळ्यांत डोंगर संपला. आता तिथे खड्डा आहे.

कलम ६. ते एकतीस डबे मागच्या खोलीत फळ्यांवर, खालून वर, क्रमाने लावलेले आहेत. ते मी धाकटीला देते.

यावरून दादा माझ्यावर चिडले होते. "बाई, तिलाच?" म्हणाले. म्हणून कारण लिहिते.

गेल्या महिन्यात धाकटी आली. एकोणीस वर्षांनी. भाचीने दारात सोडले आणि ती निघून गेली. धाकटीचे केस पार पिकले आहेत. पाणी प्यायली आणि म्हणाली, "ताई, डोंगर तसाही जाणारच होता. मी सही केली नसती तर दुसऱ्या कुणी केली असती."

"मग दुसऱ्याला करू द्यायची होतीस."

तिने भांडे खाली ठेवले आणि मागच्या खोलीकडे बघितले. मग, "डबे आहेत अजून?" असे विचारले. मी हो म्हटले. "बघू?" म्हणाली. मी नाही म्हटले. ती रडली. मी रडले नाही. हा कागद म्हणजे क्षमा आहे असे कुणी, विशेषतः तिने, समजू नये. मी तिला बारा वर्षांची असल्यापासून वाढवले आणि तिने भरल्या सभेत मला वेडी ठरू दिले. ते मला आजही गिळता येत नाही.

पण अंथरुणाचा तो थर वाचणारे डोळे तिचेच आहेत. माझे मोतीबिंदूमुळे आता भिंगाच्या कामाचे राहिले नाहीत. दुसऱ्या कुणी डबे उघडून तिला खोडून काढलेले मला नको आहे. तिला तिनेच खोडून काढावे. माझ्या मृत्यूनंतर वर्षभरात तिने बारावा डबा, म्हणजे अंथरुणाचा थर, उघडून काम सुरू करावे आणि जे दिसेल ते स्वतःच्या नावाने छापावे. नाही केले, तर सगळे डबे भाचीने दूरच्या एखाद्या विद्यापीठाला द्यावेत.

कलम ७. प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा दादांनी रद्दीतून एक वही उचलून मला आणून दिली. धाकटीची मोजणीची वही. अहवालाच्या चार दिवस आधीची तारीख आहे आणि तिच्या अक्षरात लिहिले आहे: "बिळे नाहीत. थर अखंड. अंथरूण अखंड." ही वही माझ्याकडे आहे, हे तिला ठाऊक नाही. मी ती कुणालाही दाखवलेली नाही.

डबे उघडले की अहवाल चुकीचा होता, हे कुणालाही दिसेल. तो चुकीचा होता की खोटा, याचा पुरावा फक्त ही वही आहे. ती बंद पाकिटात धाकटीच्या हातात द्यावी. तिची झेरॉक्स काढलेली नाही. तिने ती छापावी किंवा चुलीत घालावी. तिला कुणी विचारू नये.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांना यातून काहीही मिळणार नाही. त्यांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : सतरा फेब्रुवारी, मंगळवार

लिहून ठेवणार : (सही) धाकटीची ताई

साक्षीदार :
१. (सही) डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचा दवाखाना
२. (सही) शेजारचे घड्याळवाले. सही करण्यापूर्वी यांनी सुचवले, "वहीची एक प्रत तरी ठेवा की." मी नको म्हटले, हे त्यांच्याच सांगण्यावरून इथे नोंदवले आहे.