तात्या किती लांब जातात

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

चौका घाट चढून परत. एकदाही थांबले नाही! गेल्या वर्षी याच घाटानं पोटऱ्यांत असे गोळे आणले होते की रस्त्याच्या कडेला बसून रडले होते.

सगळ्यांच्या पुढं आज पण कडूबातात्याच. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. धोतर वर खोचलेलं, खाली मुलानं आणून दिलेले बूट. मूळचे या घाटापलीकडच्या पिशोरचे, आता आमच्या मागच्या गल्लीत मुलाकडं राहतात. आमच्या पायपीट मंडळाची शंभरी सुरू झाली तेव्हापासून त्यांचं एकही वर्ष चुकलेलं नाही. एका दिवस-रात्रीत शंभर किलोमीटर — सात वेळा! मी दोनदा उतरले, दोन्ही वेळा मंडळाच्या गाडीत बसून परत आले.

घाट उतरताना मला म्हणाले, "पोरी, तू रस्त्यासंगं भांडती. नको भांडू. त्यो काय तुझा सावत्र भाऊ नाय."

मंडळाच्या बातम्या ग्रुपवर टाकायचं काम माझं. आजची बातमी — कहकशा पहिल्यांदा अख्खा घाट चढली. ही आमच्या अध्यक्षांची, जहांगीरभाईंची लेक. गुलमंडीत कापडाचं दुकान त्यांचं. "अपनीच पोट्टी की खबर है ताई, छोटी लिखो," म्हणाले. आणि थोड्या वेळानं स्वतःच तिचे ढीगभर फोटो टाकले.

२४ नोव्हेंबर, रविवार

शंभरीची तारीख ठरली. जानेवारीतला दुसरा शनिवार. सकाळी नऊला क्रांती चौकातून निघायचं, दुसऱ्या दिवशी नऊच्या आत परत. आधी फुलंब्री, मग शहरातून दौलताबादच्या पलीकडं, आणि माघारी.

नाव दिलं. घरी सांगितलं. हे म्हणाले, "तिसऱ्यांदा?"

एवढंच म्हणाले. पण कसं म्हणाले!

१ डिसेंबर

उजव्या टाचेला फोड. चालले तरी.

१५ डिसेंबर, रविवार

आज तात्या आले नाहीत. दुपारी भाजी आणायला गेले तर कोपऱ्यावर भेटले. "आज का नाही आलात?" तर म्हणाले, "आज रविवार व्हय?" दोघंही हसलो.

पोस्टात डिसेंबरची गर्दी. खिडकीवर बसून बसून कंबर आखडली आहे. जिना चढ-उतार करून भागवते.

१२ जानेवारी २०२५, रविवार

नाही झाली.

१३ जानेवारी

रजा टाकली. पाय उशीवर ठेवून लिहितेय.

रात्र छान गेली खरं तर. थंडी होती, पण पाय ऐकत होते. दौलताबादकडून परत निघाले तेव्हा उजाडत होतं. मिटमिट्याच्या अलीकडं घड्याळ पाहिलं — वेळ हातात होता. चांगला होता! डोक्यात हिशेब नाही, गाणं नाही, नुसते पाय. तिसऱ्यांदा म्हणे!

आणि समोरून तात्या आले. ते माझ्या कितीतरी पुढं होते. आणि आता उलटे, दौलताबादकडं चालले होते. झपाझप.

"तात्या, उलटं चाललात!"

"उलटं कशाला? पिशोर हिकडंच हाय की."

मला वाटलं गंमत करतायत. तोंड बघितलं. गंमत नव्हती. मी दंड धरला तर झटकला. "सोड! म्हातारी वाट बघत आसंल." त्यांची बायको भागूबाई जाऊन सहा वर्षं झाली. आणि असं म्हणून सरळ रस्त्याच्या मधोमध निघाले. ट्रकवाल्यानं केवढ्यानं हॉर्न मारला! मी ओढून कडेला बसवलं.

जहांगीरभाईंना फोन केला. "हौ ताई, आतौ, पण गाडीत एक जणाला उलट्या हो रे. थोडा थांबा."

थांबले. कहकशा गेली समोरून. "आंटी, रुकू क्या?" मी म्हटलं, जा तू. अजून दोघं गेले. तात्या मध्येच उठायचे, मी बसवायची. बिस्किट दिलं, खाल्लं. मग शांत झाले, माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. त्यांची टोपी माझ्या मांडीत. मला समोर पडेगावच्या बाजूचा रस्ता दिसत होता. सरळ, सपाट. त्यावर आता मी असायला पाहिजे होते.

गाडी आली तेव्हा नऊ वाजून गेले होते.

कुणी म्हणालं पुण्याचं काम केलंत. मला तसलं काही वाटलं नाही. मला राग आला. तात्यांचा राग आला — लिहिते इथं, कुणाला सांगता येत नाही. अजूनही आहे.

१९ जानेवारी, रविवार

मंडळाचा सत्कार. कहकशा सगळ्यांत लहान शंभरीवाली. तिच्या अम्मीनं सगळ्यांना खिचडा केला होता. पोरगी लाजत होती, लंगडत होती, आणि लंगडणं लपवत पण नव्हती!

जहांगीरभाई म्हणाले, तात्यांची आठवी धरून टाकू, थोडंच राहिलं होतं, तब्येत बिघडली. सगळे हो म्हणाले. मीही म्हणाले. माझंही थोडंच राहिलं होतं, हे कुणाला सुचलं नाही. माझी तब्येत बिघडली नव्हती ना.

तात्या शिवराजबरोबर आले होते. शिवराज म्हणजे त्यांचा मुलगा, वाळूजला कंपनीत. त्यानं सगळ्यांना सांगितलं, थकवा होता, बाकी काही नाही. तात्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

"झाली ना पोरी शंभरी?"

"नाही तात्या."

"का गं? काय झालं?"

आणि माझ्याकडं बघत राहिले, खरंच काळजीनं. त्यांना काहीच आठवत नव्हतं. मी म्हटलं, पाय दुखला.

२१ जानेवारी

तात्यांच्या घरी गेले. शिवराज ड्यूटीवर. त्याची बायको द्वारका एकटीच, पोळ्यांचा ढीग समोर. कॉलेजच्या पोरांना डबे देते. तिला मिटमिट्याचं सगळं सांगितलं. ट्रकचं पण. पिशोरचं पण.

लाटणं थांबलं नाही तिचं. मग एकदम म्हणाली, "तुम्हीच येड लावलं त्यांना चालायचं. ह्या वयात कुणी रात्रभर चालतं का? मी डबे करू का ह्यांच्या मागं पळू?"

मला बोलता आलं असतं. नाही बोलले. घरी आल्यावर ह्यांना बोलले.

३० जानेवारी

डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. विसरण्याचाच आजार आहे, वाढत जाणार. शिवराजनं रस्त्यातच थांबवून सांगितलं. बोलता बोलता दुसरीकडंच बघत होता.

तात्यांचं बाहेर निघणं बंद. बूट माळ्यावर टाकले. दाराला आतून वर कडी बसवून घेतली.

२ फेब्रुवारी, रविवार

मंडळाबरोबर गेले. पुढं कोणीच नव्हतं. म्हणजे होते लोक, पण पुढं कोणी नव्हतं. ग्रुपवर काय टाकावं कळेना. बातमी नाही, असं टाकलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आत्ताच घरी आले. आधी लिहिते.

सकाळी शिवराज दारात. "तात्या आलेत का तुमच्याकडं?" दूधवाल्याला दार उघडलं, द्वारका भांडं आणायला आत गेली, तेवढ्यात निघून गेले. त्याला अडीच-तीन तास झाले होते. पोलिसांत सांगून झालं होतं. नातेवाईक गल्लीबोळ, बाग, मंदिरं बघत होते. एक जण बसस्टँडला, एक जण स्टेशनला. शिवराजचा मेहुणा मोठ्यानं म्हणत होता, "म्हातारा माणूस, अनवाणी. जाऊन जाऊन किती लांब जाणार?"

मी जहांगीरभाईंना फोन लावला. ते पण तेच म्हणाले जे माझ्या मनात होतं. "ताई, ये लोगां गल्ली में धुंड रे. तात्या गल्ली में कायकू रहेंगे?"

तात्या किती लांब जातात ते आम्हाला माहीत होतं. त्यांची चाल माहीत होती. चढाला ते थांबत नाहीत हे माहीत होतं. आणि कुठं जायचंय हे त्यांनी मला मिटमिट्याला सांगितलं होतं. फक्त त्या दिवशी रस्ता चुकला होता. आज घरून निघाले होते, आणि घरून पिशोरचा रस्ता ते झोपेतही चुकले नसते.

जहांगीरभाईंनी दुकान उघडंच टाकून गाडी आणली. पुढं मी बसले, मागं द्वारका. मी बोलावलं नव्हतं. स्वतःच येऊन बसली, हाताला कणीक तशीच. हर्सूल गेलं, सावंगी गेली. जहांगीरभाई गाडी हळू करायचे, मी म्हणायची, अजून पुढं. द्वारका म्हणाली, "इतक्या लांब? इतक्या लांब नाही येणार ते." दोनदा म्हणाली. चौका घाट लागल्यावर खिडकीबाहेर बघायला लागली.

घाट उतरल्यावर दिसले. डाव्या कडेनं, धोतर वर खोचलेलं, हात मागं-पुढं. तीच चाल!

जहांगीरभाईंनी पुढं नेऊन गाडी लावली. मी उतरले. तात्यांनी मला बघितलं आणि तोंड भरून हसले.

"उशीर केला तुम्ही. बाकीचे कुठंयत?"

"येतायत मागून. तात्या, गाडीत बसू."

"ह्या! गाडीत बसल्यावर बाद करत्यात."

तळव्यांतून रक्त येत होतं. पण कळत नव्हतं त्यांना. मी समजावलं, जहांगीरभाईंनी समजावलं. ऐकेनात. आवाज वाढला तसे घाबरले, मागं सरकले. मग मी म्हटलं, बरं, चालू. माझी ओढणी फाडून पायांना गुंडाळली, जहांगीरभाईंनी स्वतःच्या चपला काढून त्यांच्या पायांत घातल्या. आणि निघालो. जहांगीरभाई मागून सावकाश गाडी चालवतायत, अनवाणी पायानं क्लच दाबत!

द्वारका आमच्या मागं चालत होती. थोड्याच वेळात धापा टाकायला लागली. एका लिंबाखाली मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. सकाळपासूनचं सगळं त्यात होतं.

तात्या वळले. तिच्यापाशी गेले. गुडघे धरत धरत खाली बसले.

"थकली व्हय पोरी? पहिल्यांदाच आली ना मंडळात? समद्यांचं आसंच व्हतं. रडू नको. दम धर. आमी थांबतो."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. "मी द्वारका आहे, तात्या."

"व्हय व्हय. नाव चांगलं हाय."

आम्ही सगळे त्या लिंबाखाली बसलो. द्वारकानं पाण्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावली. मग ती म्हणाली, "तात्या, मला नाही चालवत आता. माझ्यासाठी गाडीत बसता का?"

"मंग आदी नाय का सांगायचं!" म्हणाले, आणि उठून गाडीत बसले. इतकं सोपं.

सगळा रस्ता तिचा हात धरून होते. नव्या सभासदाला धीर देत.

९ फेब्रुवारी, रविवार

चालायला गेले नाही. दिवसभर झोपले.

राग कुठं गेला कळलं नाही. शोधला, सापडला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

पहाटे साडेपाचला बेल वाजली. द्वारका! साडीवरच पायात कोरे बूट. मागं तात्या, त्यांच्या पायांत त्यांचे जुने.

"दार लावून ठेवलं तर भिंतीवर डोकं आपटून घेतात," म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, चालू द्या. पण कुणाच्या तरी संगं. शिवराजची शिफ्ट. तर मग मीच. मला त्यांच्या बरोबरीनं चालता आलं पाहिजे, ताई. शिकवा."

मी म्हटलं, आधी ते बूट एक नंबर मोठे घे.

६ एप्रिल

द्वारका तात्यांच्या मागं पडत नाही आता. आज मंडळासोबत दौलताबादपर्यंत. दोघं पुढं, आम्ही मागं.

१७ ऑगस्ट

तात्या दमतात लवकर. हल्ली बागेतल्या बागेत. द्वारका त्यांना फिरवून मग स्वतःचं चालायला जाते. सवय लागली म्हणते. ग्रुपवर टाकलं — द्वारका चौका घाट न थांबता. तात्यांना फोटो दाखवला, त्यांनी मोबाइलच उलटा धरला.

३० नोव्हेंबर

जानेवारीच्या शंभरीला द्वारकानं नाव दिलं. मला विचारलं, "तुम्ही?" मी म्हटलं, बघते. रात्रभर तात्यांपाशी कुणी बसायचं, हा प्रश्न तिनं काढलाच नाही. मीच काढला.

११ जानेवारी २०२६, रविवार

द्वारकाची शंभरी झाली! मी उतरले नव्हते. तात्यांना घेऊन क्रांती चौकात उभी होते. नऊला काही मिनिटं कमी असताना ती आली — लंगडत, केस विस्कटलेले, हसत. तात्यांनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. मग माझ्या कानाशी वाकून विचारलं, "कुणाची गं ही पोर? काय चालती!"

"तुमचीच सून आहे, तात्या."

तात्यांनी हात झटकला. "उगं काय बी. आपल्यात कोण चालतंय इतकं?"

आणि टाळ्या वाजवत राहिले.