दोरीचं टोक

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

आज दुपारी दादाने वहिनींच्या कपाळावर पितळी तांब्या फेकून मारला. टाके पडले. दादासारखा मेंदूत गाठ असलेला माणूस हिंसक होऊ शकतो, हे त्यांना समजावणं मला कर्तव्यच वाटलं. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना शिकवणीत दाखवतो ती, टोकाला धागा गुंडाळलेली दोरी घेऊन बसलो.

गुणसूत्राच्या टोकाशी टेलोमिअर असतात, या धाग्यासारखे. पेशी विभागताना ते झिजतात. फार झिजले की निरोगी पेशी विभागायची थांबते. गाठीतल्या पेशी मात्र टेलोमरेज नावाच्या विकराने टोक पुन्हा गुंडाळून घेतात, म्हणून त्या थांबतच नाहीत. किती नेटकी यंत्रणा. सांगताना मी रंगून गेलो.

"तेव्हा वहिनी, दादा मारत नाही, गाठ मारते. माहेरी जाऊ नका."

कपाळावरची पट्टी दाबून धरत त्या म्हणाल्या, "भावजी, दोरीचं समदं कळलं. गाठ तर अवंदा आली. भूकंपात घर पडलं, पत्र्याच्या शेडात ऱ्हायलो, तवा कोण मारत होतं?"

मी टोकाचा धागा उलगडत राहिलो.

"एवढं शिकलात, ह्ये बी सांगा की."

त्यांच्या कपड्यांच्या पिशवीचा बंद तुटला होता. वहिनींनी माझ्या हातातली दोरी घेऊन पिशवी आवळली. त्यांना माहेरी, उदगीरला जाणाऱ्या गाडीत बसवून आलो.

आता दादाला औषध मी द्यायचं आहे. आत तांब्या भिंतीवर आपटतो आहे.