लोहाऱ्याला आलेली रेल्वे

प्रिय अप्पा,

शरणु शरणार्थी.

परवा अव्वाचं ऑपरेशन आहे. सोलापूरला, तुमचं झालं तसंच, छातीचं. झडप बदलायची आहे म्हणतात. उद्या सकाळी निघायचंय. बॅग भरून दाराशी ठेवलीय आणि मला भ्या वाटतंय. सांगू कुणाला? नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणतो, आजकाल ह्यात काय राहिलंय, लोक तिसऱ्या दिवशी चालायला लागतात. अव्वाला तर सांगायची सोयच नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तीन वर्षं उशिरा लिहितेय, तेवढं पोटात घाला.

तहसीलसमोरच्या माझ्या सेतू केंद्रात मी दिवसभर दुसऱ्यांचे फॉर्म भरते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हाताऱ्या बाया अंगठा देताना बिचकल्या की मी म्हणते, मावशी, कागद काय खातो का? मागच्या आठवड्यात दवाखान्यानं संमतीचा कागद दिला, घरी वाचून सही करून आणा म्हणाले. चार दिवस झाले. नाव भरलंय, वय भरलंय, नातं 'मुलगी' भरलंय. सहीच्या जागी पेन टेकवते आणि उचलते. तुमच्या वेळी मी तोच कागद उभ्या उभ्या, दोन मिनिटांत सही करून दिला होता!

आज तुमचा कॉम्प्युटर लावला होता. तसा तो रोजच लावते. हो, तोच. टायपिंगचा क्लास बंद पडला तेव्हा तुम्ही रिक्षात मांडीवर धरून आणलेला. मी आठवीत होते. गिरजीच्या शिक्षणाला आणला, असं तुम्ही गल्लीभर सांगितलंत. आणि गिरजीला मिळाला कधी? त्यात आधीच्या कुणीतरी टाकलेला तो रेल्वेचा खेळ सापडला आणि माझं शिक्षण राहिलं बाजूला. दिवसभर डेपोत एसटीच्या गाड्या सोडायच्या आणि घरी येऊन, बनियनवर, रेल्वेच्या. अव्वा म्हणायची, ह्यांचं पोट भरत न्हाय गाड्यांनी.

त्या खेळातल्या गावांची नावं सगळी परदेशी. तुम्ही ती एकेक करून पुसलीत आणि आपल्याकडची घातलीत. मला शेजारी बसवून स्पेलिंग विचारायचात. लोहारा झालं, परंडा झालं. ईट झालं, कारण नोकरीला नवे, कंडक्टर होतात तेव्हा तुमची मुक्कामी गाडी ईटला असायची आणि तिथल्या एका घरानं तुम्हाला सहा महिने रात्रीची भाकरी घातली होती. त्या उपकारापोटी तुम्ही ईटला खेळातली कोळशाची खाण दिलीत. मी हसले, तर म्हणालात, "हसू नगं. ईटचं नाव नकाशावर मोठं झालं पायजे."

आणि पेढे आठवतात का? त्या खेळात एखाद्या गावात पहिली गाडी आली की पडद्यावर पेपर उघडतो, बातमी येते, गावकरी जल्लोष करतात. आपल्या लोहाऱ्याला पहिली गाडी आली त्या दिवशी तुम्हाला राहवलं नाही. पाव किलो पेढे आणलेत आणि गल्लीत वाटलेत, 'लोहाऱ्याला रेल्वे आली' म्हणून! लोकांना खरंच वाटलं. खरंच वाटणार की, डेपोचा कंट्रोलर सांगतोय म्हटल्यावर. संध्याकाळपर्यंत सात-आठ जण ओट्यावर. स्टेशन कुठं होणार? रूळ कुणाच्या रानातून जाणार? अव्वा लाजेनं स्वयंपाकघरातून बाहेर येईना. तुम्ही मात्र एकेकाला आत बोलावून पडद्यावरची बोटाएवढी गाडी दाखवलीत. शिव्या घालत गेले ते, पण गाडी स्टेशनात शिरेपर्यंत एकही जण उठला नव्हता.

लोक मला अजून विचारतात, काय आहे गं त्या जुनाट खेळात? नवऱ्याच्या मोबाईलवर दर महिन्याला नवा खेळ येतो आणि जातो. चित्रं इतकी खरी की घाम दिसतो माणसाच्या कपाळावर. आणि मी बसते ह्या ठिपक्या-ठिपक्यांच्या इंजिनापाशी. मला वाटतं, त्याला शेवट नाही म्हणून. एक लाईन टाकली की गावात चार घरं वाढतात. घरं वाढली की गाडी अपुरी पडते. दुसरी गाडी घेतली की सिग्नल लावावा लागतो. एवढी परंड्याला पोचू दे, मग उठते, असं म्हणायचं, तोवर ईटची निघालेली असते. माझी किती कालवणं करपली ह्या पायी, विचारू नका. तुमची मी उगाच टर उडवायचे.

तुमच्या भित्रेपणाची तर फारच उडवली. एकदा तुमच्या दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. पेपर उघडला, इतके इतके प्रवासी दगावले म्हणून. तुम्ही ताटावरून उठून गेलात. मी म्हटलं, अप्पा, खेळ आहे तो. तर म्हणालात, "व्हय, पण त्यात मानसं हुती." मग तुम्ही सगळ्या रुळांवर हातभर अंतरानं सिग्नल लावलेत. गाडी चालण्यापेक्षा थांबायचीच जास्त. मी तुम्हाला चिडवायचे, ही रेल्वे नाही, ही हात दाखवेल तिथं थांबणारी लोहारा-उमरगा जीप आहे.

नोकरीतही तसंच. कुठं बंदची कुणकुण लागली, कुठं दगड पडल्याची नुसती अफवा आली, की कुणाच्या हुकमाची वाट न बघता तुम्ही गाड्या डेपोत बोलवायचात. 'वातावरण बरं न्हाय' एवढंच म्हणायचात. प्रवासी आईबहिणीवरून बोलायचे, साहेब मेमो द्यायचे. निम्म्या वेळा काही घडायचंही नाही. तुम्ही म्हणायचात, शिव्या खाल्लेल्या परवडल्या.

आता मला मुद्द्यावर आलं पाहिजे. टाळतेय, ते कळतंय मला.

तुमच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही चहा झाल्यापासून कॉम्प्युटरपुढं बसला होता. दोन तास. मी तुमच्या लुंग्या, रिपोर्ट, तांब्या, सगळं भरत होते आणि तुम्ही ढिम्म. मी ओरडले, उद्या एवढं मोठं काम आणि तुम्हाला खेळ सुचतोय? तुम्ही मान वर न करता विचारलंत, "गिरजे, महिनाभर फुडं ढकलता येतंय का गं?" आणि मी काय म्हणाले? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, अप्पा! हसत म्हणाले. तुम्हीही हसलात. काय न्हाय, चार दिसाचं काम हाय, म्हणालात आणि मशीन बंद केलंत. मला तेवढंच ऐकायचं होतं. पाचव्या दिवशी आम्ही तुम्हाला घरी आणलं, ते पांढऱ्या कापडात गुंडाळून.

महिना झाल्यावर अव्वा म्हणाली, "लाव की गं त्यांच्या गाड्या." लावल्या, तर पडद्यावर एकही गाडी हलेना. रूळ रिकामे, स्टेशनं रिकामी. सगळ्या गाड्या डेपोत, लाल झेंड्यावर. एकवीसच्या एकवीस. मला वाटलं, महिनाभर मशीन बंद राहिलं म्हणून बिघडलं असेल. घाबरत घाबरत एकेका गाडीचा झेंडा हिरवा केला. पहिली बाहेर पडली तशी अव्वा पदर तोंडाला लावून बसली. तिथून आजपर्यंत आमचा नेम. मी केंद्रावरून आले की ती लोखंडी खुर्ची ओढते, तासभर तुमच्या गाड्या बघते, मग उठून देवाला दिवा लावते. तुमची इंजिनं म्हातारी होतात, मधेच धूर काढून उभी राहतात. मी नवी घेते. घेताना दर वेळी वाटतं, कुठं चुकलं आणि तुमचं केलेलं मोडलं तर?

आज दुपारी मी केंद्र लवकर बंद केलं. गाड्या लावल्या. अव्वा खुर्ची ओढून बसली. अर्धा तास गाड्या बघत होती. मला बरंच वाटलं, म्हटलं, हिला उद्याची काळजी नाही, माझी अव्वा खंबीर आहे. आठ दिवस मी हेच बघत होते ना! शेजारणींना सांगत होती, चार दिसाचं काम हाय, येतेच परत. मसाला कांडून ठेवला, लोणच्याच्या बरणीला फडकं बांधलं. आणि मग ती एकदम म्हणाली,

"गिरजे, आज समद्या गाड्या डेपोत लाव."

मी म्हटलं, का गं? चालू दे की. आपण आलो की परत बघू.

"त्यांनी लावल्या हुत्या की, जायच्या आदी."

अप्पा, मी माऊस सोडून तिच्याकडं वळले.

तिनं सगळं बघितलं होतं. त्या दिवशी तुम्ही दोन तास खेळत नव्हता. एकेका गाडीला बोलावत होता. परंड्याची आली, थांबवली. ईटची कोळशाची लांब होती, तिची वाट बघत बसलात. अव्वानं मागून विचारलं, हे काय करताय? तर तुम्ही तिला म्हणालात, वातावरण बरं न्हाय. तिला म्हणालात, अप्पा! मला का नाही म्हणालात? मी तिथंच होते, हातभर अंतरावर, तुमच्या लुंगीच्या घड्या घालत.

कशाला म्हणाल? मी ब्रह्मराक्षस काढला होता ना.

मी अव्वाला विचारलं, तू तीन वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुला सांगून काय करायचं हुतं, तू सही केली हुतीस, जन्मभर जीवाला खात बसली असतीस. आणि मी गाड्या सोडत होते तेव्हा तिनं मला अडवलं नाही, कारण तिला त्या चालताना बघायच्या होत्या. एवढंच. माझ्यासारखा उलटसुलट विचार ती करत नाही.

मग मी ते विचारलं, जे तुम्हाला विचारलं नाही. म्हटलं, "अव्वा, भ्या वाटतंय का?"

"लई," ती म्हणाली.

माझ्या तोंडावर तेच आलं होतं, काही होत नाही, डॉक्टर चांगले आहेत, तिसऱ्या दिवशी चालायला लागशील. दात दाबून गिळलं. विचारलं, मग पुढं ढकलायचं का? उद्याच्या उद्या फोन करते. ती माझ्याकडं अशी बघायला लागली, लहान होते तेव्हा ताप बघताना बघायची तशी.

"न्हाय गं. जायचं तर हायच. कुनाला तरी म्हाईत असावं, म्हून सांगितलं."

अप्पा, तुमचंही एवढंच होतं का? महिनाभर पुढं ढकलायचंच नव्हतं का तुम्हाला? नुसतं कुणीतरी विचारायला हवं होतं? आता ह्याचं उत्तर मला कोण देणार!

आम्ही दोघींनी गाड्या आत घेतल्या. ती बोट लावून दाखवत होती, ती बघ, ती राहिली, ती डोंगरामागं. दीड तास गेला. शेवटची आत गेल्यावर ती उठली आणि कणीक भिजवायला गेली. मी हे लिहितेय तर स्वयंपाकघरातून तिच्या बांगड्या ऐकू येतायत. मला वाटतंय, ह्या आवाजाचं मी काय करू? परवा ह्या वेळी हे घर कसं असेल? मला धीराचं काही लिहिता येत नाही. डॉक्टरांनी वयाचं सांगितलंय, रक्त पातळ असल्याचं सांगितलंय. तुम्ही तिथं असाल, तर तिला एवढ्यात बोलावू नका, एवढं ऐका माझं. तुम्हाला तीन वर्षं दम निघाला, अजून थोडा काढा.

कागदावर सही करेन. आता, हे पत्र संपलं की. आणि तुम्हाला शब्द देते. उद्या गाडीत, परवा सकाळी, मी तिला एकदाही 'काही होत नाही' म्हणणार नाही. भ्या वाटतंय म्हणाली, तर मलाबी वाटतंय म्हणेन. तिचा हात धरून चालेन, आणि ऑपरेशनच्या दाराशी ते लोक सोडा म्हणाले तरी तिनं सोडल्याशिवाय सोडणार नाही.

तुमची,
गिरजी