अकरा बंदुका चढावर नेण्यापूर्वी

अल्लाहला साक्षी ठेवून मी, अरवा बिन्त सैफ, वय चोवीस, राहणार बनी हुसाम, ताइझच्या डोंगरात, घरातली पहिली पदवीधर, हे लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, कुणाची सक्ती नाही. उद्या सकाळी मी आमचे सेनापती उस्ताद अब्दुलक़वी यांच्याबरोबर पलीकडच्यांच्या, म्हणजे शत्रूच्या, टेकडीवर जाणार आहे. परतेन याची खात्री नाही.

१. वडिलांकडून आलेला कॉफीचा मळा शरीयतीप्रमाणे आई आणि भाऊ अय्यूब यांचा. शरीयत एक तृतीयांश मालमत्ता मर्जीने कुणालाही देऊ देते; पुढचं सारं त्यातलं.

२. माझं मोठं पातेलं काकांना. "पदवी काय शिजवून खाणार?" असं ते चारचौघांत म्हणाले होते. त्यांनी शिजवून बघावं.

३. उस्तादांच्या लढायांची माझी वही शाळेला. युद्धाआधी ते तिथेच भूगोल शिकवत. टाक्याची टेकडी दुपारी अर्धा तास ढगात बुडते, हे त्यांना मुलांच्या सहलीमुळे ठाऊक होतं. त्या अर्ध्या तासात ते बावीस माणसांनिशी वर गेले. पलीकडचे चाळीस जण जेवायला बसले होते. उस्ताद म्हणाले, "उठू नका, घास संपवा," आणि स्वतः भाकरी मोडून त्यांच्यात बसले. गोळी सुटली नाही. बंदुका ठेवून घेतल्या, माणसं घरी धाडली. मी त्यांच्या सात लढाया टिपल्या आहेत. कालची गोष्ट मी आठवी लढाई म्हणून लिहिली आहे.

काल दोन्हीकडची प्रेतं उचलण्यासाठी उस्तादांच्या शब्दावर गोळीबार थांबला होता. तेवढ्यात आमच्या वजदीला मुलगी झाल्याची खबर आली आणि त्याने आनंदाने आभाळात बार काढले. मुलीसाठी बार काढणारा तो आमच्यातला पहिलाच. एक गोळी खाली येताना पलीकडच्या हाजी मुसअदना लागली. ते पुतण्याचं प्रेत न्यायला आले होते. जागीच गेले.

वजदी म्हणाला, "मला त्यांच्या हवाली करा."

"आधी लेकीचं तोंड बघून ये," उस्ताद म्हणाले. "चूक तुझी, पण शब्द माझा होता."

आमच्या डोंगरातला रिवाज असा, की दिलेला शब्द मोडला की भरपाई अकरापट. म्हणून पलीकडच्यांना अकरा बंदुका आणि माफीसाठी त्यांच्या दारात कापायला एक बैल.

उस्तादांचा उजवा हात सरहान भडकला. "युद्ध चालू असताना शत्रूला बंदुका? लोक हसतील, उस्ताद!"

"हसू देत. टेकडी गेली तर परत घेईन. शब्द कुठून परत आणू?"

इतका मोठा माणूस मी पाहिला नाही. माफीनामा मी लिहिला आहे. वाचणारही मीच, हे मी हट्टाने मागून घेतलं.

४. माझी चांदीची कांकणं आणि सगळी पुस्तकं वजदीच्या मुलीला. तिच्या जन्माला कुणी अपशकुनी म्हणू नये.

५. मी मारली गेले तर सुडाचा हक्क अय्यूबचा. अय्यूब, एवढा एक हक्क मला परत दे. मारणाऱ्याला मी आत्ताच माफ केलं आहे. माझ्या नावाने एकही गोळी सुटू नये.

सही : अरवा बिन्त सैफ
बनी हुसाम, १४ ऑगस्ट २०१७, दुपारच्या नमाजानंतर

साक्षीदार :
दाई तक़िय्या (अंगठा)
सरहान मुक़बिल. मला हे अजून पटलेलं नाही. पण अकरा बंदुका दोघांच्या खांद्यांना पेलणार नाहीत. मी येतो.