डायिंगवरचे हात

आई,

तुझी नात भांगेच्या बियांचं तेल घालून मलम करते आणि विकते. हे तुला कसं सांगावं, याचा विचार करत मी बराच वेळ नुसतीच बसले होते. तू असतीस तर आधी पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "शिवरात्रीला पितात ती व्हय गं?" शेजारणीही तेच म्हणतात. एक तर दिसली की विचारते, "लावल्यावर येड्यावानी हसू येत न्हाय न्हवं?" पोरगी फार्मसी शिकलेली, ती न चिडता समजावत बसते. बियांच्या तेलात नशेचं काही नसतं, ते कातडी मऊ ठेवतं, कोरडी पडू देत नाही, इतकंच. पानाफुलांतून निघतं ते द्रव्य वेगळं, त्याला सीबीडी म्हणतात. त्यानं खाज आणि सूज उतरते का, यावर अजून अभ्यास चाललाय, आणि ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायचं नसतं. यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून जातं. एक गोष्ट तेवढी लक्षात राहिली. आपल्या कातडीतही त्याच जातीचं काहीतरी आपोआप तयार होत असतं म्हणे, तिला आवरून-सावरून ठेवणारं. मग तुझ्या हातांना ते कधीच का पुरलं नाही, असं मी तिला विचारणार होते. पण ती गॅससमोर उभी राहून मेण वितळवत होती, ते राहूनच गेलं.

तिनं नोकरी सोडली आणि सात रस्त्याच्या मागच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत हा उद्योग मांडला. करंजाचं तेल, कडुलिंबाचा पाला, हळद, मेण, हे सगळं तुझंच, भांगेच्या बियांचं तेल तेवढं तिचं. डबीवर तिनं नाव घातलंय 'आजीचं मलम'. तिनं तुला पाहिलेलं नाही. तू तिला ठाऊक आहेस ती माझ्या तोंडून, आणि मी तुझ्याबद्दल बोलायला लागले की माझ्याच्यानं थांबवत नाही.

तू डायिंगवरून येतेस. चादरी-टॉवेलांचं सूत रंगवणारा तो कारखाना, आणि दिवसभर हौदातल्या सुताच्या लडी खालीवर करणारे तुझे हात. कधी निळे, कधी लाल, कधी कोपरापर्यंत हिरवे. बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, त्यांत रंग मुरलेला. शेंगांची चटणी कुटायला बसलीस की तिखट त्या चिरांत जायचं, तू दातांतून श्वास ओढायचीस आणि कुटत राहायचीस. एके दिवशी करमाळ्याहून मामा आलेला असतो. तू ज्वारीची भाकरी थापून त्याच्या ताटात वाढतेस, भाकरीच्या कडेला निळसर डाग. मामा तेवढी कड मोडून ताटाबाहेर ठेवतो आणि बाकीची जेवतो. तू ते बघतेस. दुसऱ्या दिवशी तू कारखान्यातून कागदात बांधून ब्लीचिंग पावडर आणलीस. तिथल्या सगळ्याच बाया त्या पावडरनं हात धुवायच्या, तू तोवर टाळत होतीस. त्या दिवसापासून चुलीपुढं बसायच्या आधी तू मोरीत ती पावडर हातांवर घेऊन, रंग निघेपर्यंत चोळायचीस. रंग निघायचा, त्याच्याबरोबर कातडीही निघायची. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तुझ्यावर ओरडले होते, रंगापेक्षा ही पावडर तुमचे हात खातेय म्हणून. तू त्यांना म्हणालीस, "मग रंगीत हातानं भाकरी थापू व्हय, सायेब? लेक खाईल, भाऊ खाईल का?" डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषध लिहून दिलं.

मलम तू तेव्हाच करायला लागलीस. आपल्या वळसंगच्या शेताच्या बांधावर करंजाचं झाड होतं, त्याच्या तेलात तू पाला कढवायचीस, मेण घालायचीस, आणि घरभर तो कडवट वास बसायचा. मला वाटायचं, केवढं हे औषध! मी गल्लीत सगळ्यांना सांगत सुटले. शेजारची एक म्हातारी पायाची जखम घेऊन आपल्या दारात आली, तेव्हा तू तिला दवाखान्यात पाठवलंस आणि मला आत ओढून दटावलंस. "कुनाला औषद म्हनू नगंस ते. खाज मोडायचं हाय नुस्तं. लावलं की डोळा लागतोय, बास." तू चिडलीस की हळू आवाजात बोलायचीस, म्हणून जास्त लागायचं.

एवढं सगळं ठाऊक असून मी काय केलं ते ऐक. पोरीनं तीनेक महिन्यांपूर्वी फोन समोर धरला आणि म्हणाली, "आई, आजीबद्दल सांग ना, लोकांना आवडतं." मी नऊवारी नेसले, तोंडाला पावडर लावली, काय सांगू तुला, मिरवलेच. ती विचारत गेली, मी बोलत गेले. शेवटी तिनं विचारलं, "मग आजीचे हात मऊ झाले का गं?" मी म्हणाले, "झाले की. लई मऊ झाले." यात खोटं काहीच नव्हतं. फक्त कधी झाले ते मी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात एक बाई दारात आली. माझ्याहून लहान, डोक्यावर पदर, हात पदराखाली लपवलेले. मला बघितल्याबरोबर तिचं तोंड उजळलं. "तुमीच की त्या फोनातल्या मावशी!" मी हसून आत घेतलं. तिनं हात बाहेर काढले. आई, तुझेच हात. तीच पेरं, त्याच चिरा, फक्त रंग गुलाबी. दोन बोटं सुजून चकचकीत झालेली, एका चिरेतून पू येत होता. तिला विचारलं, डॉक्टरांकडे नाही गेलीस? तर म्हणाली, "जात हुते की. त्यांचं बंद केलं. तुमच्या आईचं ह्येनंच बरं झालं न्हवं, मग म्हटलं आपन बी ह्येच लावावं." पोरगी दारातच उभी होती. ती पटकन म्हणाली, "ताई, डबीवर लिहिलंय, औषध नाही म्हणून." बाई तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

मी तिचे हात हातात घेतले आणि सांगून टाकलं. माझ्या आईचे हात मलमानं बरे झाले नव्हते. ती पुष्कळ वर्षं रोज लावत होती आणि चिरा रोज तिथंच होत्या. हात बरे झाले ते डायिंग सुटल्यावर. तिला म्हटलं, तू आधी डॉक्टरांकडे जा, त्यांचं औषध सोडू नकोस, ब्लीचिंग पावडर हाताला लावत असशील तर आजपासून बंद कर, रबरी मोजे घाल. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "मोजं घातल्यावर लड निसटती, मावशी. आन् काम सोडून खाऊ काय?" पोरीनं रिक्षा बोलावली आणि ती स्वतः तिला दवाखान्यात घेऊन गेली.

परत आल्यावर माझ्यावर जी बरसली! "गिऱ्हाइकासमोर तोंडघशी पाडलंस मला. आधी का नाही सांगितलंस? मी काय खोटं विकायला बसलेय का?" करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तसं झालं. मलाही राग आला. म्हटलं, तू तरी कुठं नीट विचारलंस, तुला मऊ हात हवे होते, मी दिले. मग दोघी रडलो. त्याच संध्याकाळी तिनं तो व्हिडिओ काढून टाकला. आता मागणी कमी झालीय, पुढच्या खोलीत डब्या नुसत्या रचलेल्या दिसतात, आणि पोरगी जेवताना फोन उलटा ठेवते. ती बाई पुन्हा आलेली नाही. तिची बोटं वाचली का, हेच सारखं मनात येतं. दवाखान्यात विचारलं तर कुणी सांगत नाही.

काल पोरगी म्हणाली, "आई, पुन्हा बोलूया. या वेळी सगळं खरं सांग. मलम काय करतं आणि काय करत नाही, तेही सांग. विकलं गेलं तर जाईल." मला तिचा अभिमान वाटला, आणि भीतीही वाटली. उद्या सकाळी बसायचं ठरलंय. मी मामाच्या ताटातली ती कड सांगणार आहे, पावडर सांगणार आहे, तू मला दटावलंस तेही सांगणार आहे. तू पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलीस ती पुन्हा उठलीच नाहीस, डायिंग सुटली, आणि बघता बघता चिरा भरत आल्या, तेही सांगीन. तुझी बहीण, माझी मावशी, तुझा हात हातात घेऊन म्हणाली होती, "बग की गं, लोन्यावानी झालाय." तू त्या हातांकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसं बघत होतीस.

एक गोष्ट मात्र फोनसमोर बोलता येणार नाही, म्हणून हे लिहायला बसले, आणि हे कुठं टाकायचंही नाही. मावशी लोण्याचं बोलली, त्याच दिवशी मी रूपाभवानीला गेले होते. सगळ्यांना वाटलं, आईला बरं वाटू दे म्हणून गेली. मी देवीपुढं डोकं टेकलं आणि मागितलं, हिला उठवून परत डायिंगवर पाठव, हिच्या हातांना परत चिरा पडू देत.